मशिदीला परवानगी कोण देतं?



मागच्या शिबिरात एका मुलीनं मला विचारलं होतं, "सर, अमेरिकेत मशीद बांधायला परवानगी कोण देतं? राष्ट्राध्यक्ष?" काहीजण हसले. मला मात्र प्रश्न महत्त्वाचा वाटला. आज त्याचं उत्तर देतो.

अमेरिकेत सरकारचे ढोबळमानाने तीन थर आहेत. चलन, लष्कर, परराष्ट्र धोरण केंद्राकडे. मग ५० राज्यं. प्रत्येकाचं स्वतःचं संविधान, विधिमंडळ आणि न्यायालयं. त्याखाली शहरं आणि काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीनुसार, संविधानाने केंद्राला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. जमिनीचा वापर ठरवणं हा मुख्यतः राज्यांचा अधिकार. तो त्यांनी बहुतेक ठिकाणी शहरांकडे आणि काउंटीकडे सोपवला आहे. म्हणजे मशिदीचा अर्ज जातो तो स्थानिक कचेरीत.

टेनेसी राज्यातल्या मर्फ्रीसबरोची गोष्ट ऐका. २०१० मध्ये रदरफर्ड काउंटीच्या नियोजन आयोगाने तिथल्या इस्लामी केंद्राचा आराखडा मंजूर केला. काही रहिवासी राज्याच्या न्यायालयात गेले. इस्लाम हा धर्मच नाही, असाही युक्तिवाद झाला. तो टिकला नाही. पण २०१२ मध्ये न्यायाधीशांनी वेगळा मुद्दा धरला: आयोगाच्या सभेची जाहीर सूचना पुरेशी नव्हती, म्हणून मंजुरी रद्द. तोवर इमारत जवळपास उभी राहिली होती.

आता केंद्र मध्ये आलं. जमीनवापराचे नियम लावताना धर्माधर्मांत भेदभाव करायचा नाही, असा कायदा अमेरिकी संसदेने २००० साली केला आहे. चर्चसाठी जी सूचना चालली, ती मशिदीसाठी का अपुरी? केंद्राच्या न्याय विभागाने काउंटीवरच दावा लावला. संविधानाच्या सहाव्या कलमानुसार केंद्राचा वैध कायदा आणि राज्याचा कायदा यांत विरोध आला, तर केंद्राचा कायदा चालतो. केंद्रीय न्यायालयाने काउंटीला आदेश दिला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये, ऐन रमजानमध्ये, तिथे जुम्म्याची नमाज झाली. पुढे २०१३ मध्ये राज्याच्याच अपील न्यायालयाने तो जुना निकाल फिरवला.

मित्रांनो, सभेची सूचना मिळणं हा शेजाऱ्यांचाही खरा हक्क आहे. उद्या आपल्या घराशेजारी काही उभं राहणार असेल, तर तो आपल्यालाही हवा असेल. तिथल्या मुसलमानांनी त्या हक्काला हात लावला नाही आणि खास सवलतही मागितली नाही. चर्चला जी फुटपट्टी लावता, तीच आम्हाला लावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खालच्या दारात अडलेलं हे म्हणणं वरच्या दारात ऐकलं गेलं, कारण कोणतं दार कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

त्या मुलीला माझं उत्तर असं: परवानगी काउंटी देते. आणि ती सर्वांना एकाच मापाने देते की नाही, हे बघायला वर कायदा बसलेला असतो. मात्र त्याला हाक आपणच मारावी लागते.