कार्ल्याची सहल आणि एक खोटे आडनाव

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



येत्या रविवारी तुम्ही मुले लेणी पाहायला निघणार आहात. 'जाण्यापूर्वी चार अनुभवाचे शब्द सांगा,' असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी काही वक्ता नाही. माझ्याच एका सहलीची गोष्ट सांगतो. तीत फजितीच अधिक आहे.

१९९९ सालचा जुलै महिना. मी एफ. वाय. बी. ए. ला होतो. दापोडीहून आम्ही सात मित्र सकाळच्या लोकलने मळवलीला उतरलो. आधी कार्ले, मग भाजे आणि संध्याकाळच्या लोकलने परत, असा बेत होता. छत्री दोघांकडेच होती. पायात सर्वांच्या चपला. कार्ल्याच्या पायऱ्यांवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि वर पोहोचताच माकडांनी चपात्यांची पिशवी पळवली. सातजणांत उरली ती शेंगदाण्याची चटणी आणि दोन कांदे!

पण चैत्यगृहात पाऊल टाकले आणि भूक विसरलो. सुमारे सव्वाशे फूट लांब आणि पंचेचाळीस फूट उंच असे ते दालन एकाच डोंगरात कोरलेले आहे. छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही टिकून आहेत. स्तूपासमोर उभे राहून आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले.

आमच्यातल्या एकाने कॉलेजच्या ग्रंथालयातून लेण्यांवरचे पुस्तक आणले होते. त्यातून तो शिलालेखांचा अर्थ वाचून दाखवू लागला. वैजयंतीचा सेठी भूतपाल याचे नाव तेथे आहेच. पण धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. त्याने दार घडवले. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याचे आहे, त्याने दाराचे दान दिले. खांबांवर यवनांचीही नावे आहेत. कुणी राजा नव्हे, कामकरी आणि व्यापारी माणसे! प्रत्येकाने आपले नाव आणि आपले गाव उघडपणे कोरवून घेतले.

ते ऐकून मला काय सुचावे? मी खिशातून किल्ली काढली आणि भिंतीवर माझे नाव ओरखडू लागलो. त्या पुस्तकवाल्या मित्राने माझा हात धरला. म्हणाला, "त्यांनी आधी दिलं, मग नाव लिहिलं. तू काय दिलंस?" मी मुकाट्याने किल्ली खिशात टाकली.

दुपारी भाजे पाहिले. दिवंगत भिक्खूंचे लहान-लहान स्तूप तेथे ओळीने उभे आहेत. उतरताना पाऊस वाढला. शेवाळलेल्या पायरीवरून तोच मित्र घसरला. घोटा पाहता पाहता सुजला, पाय टेकवेना. त्याला पाळीपाळीने पाठुंगळी घेऊन आम्ही वाटेवरच्या एका घराच्या ओसरीला आलो. अंधार पडू लागला होता. सर्वांचे मिळून खिशात तीस-पस्तीस रुपये असतील.

आतून एक म्हातारे आजोबा आले. पोते अंथरून त्यांनी मित्राला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "कुठली पोरं तुम्ही? आडनाव काय रं?"

मित्रहो, माझ्या पोटात गोळा आला. आडनाव कळल्यावर आपल्याला ओसरीवरून उठवले तर? मी वर्गातल्या दुसऱ्याच एका मुलाचे आडनाव सांगून टाकले. सकाळी स्तूपासमोर चौथे शील घेतले होते. संध्याकाळ व्हायच्या आत मोडले.

बाकीचे खाली पाहत होते. तेवढ्यात तो पाय दुखावलेला मित्र म्हणाला, "आजोबा, यानं सांगितलेलं आडनाव खरं नाही. आम्ही बौद्ध आहोत. लेणी बघायला आलो होतो."

आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात काय आले, मला माहीत नाही. मग त्यांनी आत हाक मारून मुलाला दुधाची जीप काढायला सांगितली. मित्राला दवाखान्यात पोहोचवले. हाड मोडले होते, प्लास्टर घालावे लागले. जीपवाल्याने पैसे घेतले नाहीत.

प्रत्येक ओसरीवर असेच घडते, असे मी म्हणणार नाही. तुमच्या-माझ्या घरात याच्या उलट अनुभव घेतलेली माणसे आहेत. म्हणून त्या दिवशी मी घाबरलो, याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची, की सकाळी भिंतीवर नाव लिहायची हौस होती आणि संध्याकाळी तेच नाव तोंडातून निघेना.

आज मी बँकेत कारकून आहे. स्लिपांवरची नावे रोज वाचतो. कुणी आडनाव पुटपुटत सांगितले, की मला ती ओसरी आठवते.

तेव्हा मुलांनो, रविवारी पायात बूट घाला. बँडेज आणि मलमाची डबी घ्या. परतीच्या लोकलची वेळ लिहून ठेवा. चपात्या माकडांपासून सांभाळा. भिंतीला किल्ली लावू नका. आणि कुणी नाव विचारले, तर पूर्ण सांगा.

तो मित्र आज या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. पावसाळ्यात त्याचा घोटा अजून दुखतो. त्या दिवशी त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज आपल्या सर्वांसमक्ष मानतो आणि माझे भाषण संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!