रक्ताचा वारसा



वैद्यकाचा आमचा अधिकार नाही. जन्मभर मुले शिकविलेला एक मास्तर म्हणून आम्ही उभे आहोत. विदर्भातील एका गावी आमच्या वर्गात एक मुलगा होता. वारंवार गैरहजर, आला तरी गुडघे धरून बसावयाचा. आम्ही त्यास आळशी ठरविले आणि, सांगावयास लाज वाटते, छडीही दिली. पुढे कळले की त्यास सिकलसेल होता.

या रोगात प्राणवायू कमी पडताच तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य ठणकतात. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग स्पर्शाने होत नाही, कोणाच्या करणीने तर नाहीच. अपत्यास आईकडून एक व बापाकडून एक असे दोन अंश मिळतात. एकच अंश सदोष असेल तर ते मूल केवळ वाहक, बहुधा आयुष्यभर धडधाकट. (अशा वाहकास तीव्र हिवतापापासून उलट काहीसे संरक्षणच मिळते, म्हणून हिवतापाच्या मुलखात हा दोष टिकून राहिला.) दोन्ही अंश सदोष आले, तरच रोग.

आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक. ‘पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब साफ चूक. दर खेपेस फासे नव्याने पडतात. सुनेच्या पायगुणास बोल लावणाऱ्या सासूबाईंनी हेही ध्यानी घ्यावे की निम्मा वाटा त्यांच्या चिरंजीवांचा असतो!

आपण सोयरिकी आपसांतच, पुष्कळदा मामे-आते नात्यात जुळवितो. त्यामुळे एकच दोष दोन्ही घरी असण्याचा संभव वाढतो. पत्रिकेतील नाडीवरून रक्त कळत नाही, रक्ततपासणीने कळते. केंद्र शासनाने २०२३ साली याच रोगाच्या निर्मूलनाची मोहीम आरंभिली आहे.

आमच्या धाकट्या कन्येच्या वेळी आम्ही प्रथम रक्ताचा कागद मागितला. वरपक्ष रुसला, तीन आठवडे बोलणी थांबली. मग मुलगा स्वतःच कागद घेऊन आला. त्यात तो वाहक असल्याची नोंद होती. कन्येच्या रक्तात कोणताच दोष नव्हता. गेल्या वैशाखात विवाह झाला.