पाण्यात उभे पीक तहानलेले का?



कबनूर हे मागाचे गाव खरे. पण येथील पुष्कळांचे हात मागावर असले तरी मन शेतात असते. म्हणून आज मुळांविषयी बोलावयाचे योजिले आहे.

पंचगंगेच्या काठाने शिरोळकडे जाताना काही रानांत एक चमत्कारिक दृश्य दिसते. ओल भरपूर, वर पांढरी खपली, आणि ऊस मात्र पिवळा पडून सुकलेला. पाणी पायाशी असताना पिकाने तहानलेले का राहावे?

झाडाची जाड मुळे त्याला उभे धरतात. पाणी घेण्याचे मोठे काम करतात ती टोकांजवळची, जेमतेम दिसणारी केशमुळे. १९३७ साली अमेरिकेत डिटमर या संशोधकाने राय धान्याच्या चार महिन्यांच्या एकाच रोपाचा हिशेब प्रसिद्ध केला. मुळांची लांबी ६०० किलोमीटरच्या वर भरली आणि केशमुळे सुमारे १४०० कोटी! मातीच्या कणाकणाला भिडावयाचे, तर एवढी फौज हवीच.

केशमुळाच्या आतील रस घट्ट असतो, बाहेरचे पाणी पातळ. मधला पडदा पाण्याला वाट देतो, क्षारांना सहजी देत नाही. अशा वेळी पाणी पातळाकडून घट्टाकडे जाते. यास परासरण म्हणतात. शिवाय उन्हाने पानांतून वाफ उडते आणि पाण्याचा अखंड धागा खालून वर ओढला जातो.

आता कैरीच्या फोडींना मीठ चोळून पाहा. घटकाभरात पाणी सुटते. बाहेरच्या मिठाने ते आतून ओढून घेतलेले असते. खारवट रानात मुळाची हीच गत होते. मातीतले पाणी जितके खारट, तितके ते मुळाला मिळणे कठीण.

खनिजांचा व्यवहार निराळा आहे. नत्र, पालाश यांच्यासाठी पडद्यात वेगळी दारे असतात, आणि बहुधा तेथे शक्ती खर्च करावी लागते. ती शक्ती मुळाला श्वसनातून मिळते व श्वसनाला प्राणवायू लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा नाहीशी होते, मूळ गुदमरते. मग वरून खताची पोती ओतली तरी दारे उघडावयाची कोणी?

हे क्षार आले कोठून? पुष्कळसे जमिनीत आणि पाण्यात होतेच. आपल्या काळ्या मातीतून पाणी सावकाश झिरपते. उसाला पाटाने बेसुमार पाणी दिले की भूजल वर येते, मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. म्हणजे ज्यास आपण पिकाची सेवा समजतो, तीच मुळाच्या जिवावर उठते.

उपाय आहेत. पाणी बेताने द्यावे, जमल्यास ठिबकने. चर काढावेत, किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून साचलेले पाणी बाहेर काढावे, म्हणजे त्याबरोबर क्षारही धुऊन जातात. सोडियमने बिघडलेल्या चोपण जमिनीला जिप्समही लागते. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून नळ्यांचे हे काम केले आहे.

‘एकत्र’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या रानातले पाणी ओढ्याला न्यावयाचे तर ते शेजाऱ्याच्या बांधाखालून जाणार, आणि त्याने नाही म्हटले की माझी नळी तेथेच संपली. एकट्याने रान सुधारत नाही, हे संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने सांगावे यात नवल नाही; पण येथे ते पाण्याचा उतारच सांगतो आहे. बांधावरचे भांडण मिटविणे हेही शेतीचेच काम आहे.

तेव्हा पुढच्या खेपेस मोटार चालू करण्यापूर्वी मूठभर माती उकरून पाहा. मुळाला पाणी हवे आहे की हवा, हे आधी पाहावे आणि मग बटण दाबावे.