नांवनिशीचें साल



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें सर्वांचे आभार मानावे असा रिवाज आहे. तें काम आमच्याहून चांगल्या वक्त्यांनीं केलेंच आहे. आम्हांस एक जुनें ऋण फेडावयाचें आहे.

आम्हीं नुकतीच गुरुदीक्षा घेतली होती तेव्हां धर्मशिक्षणाच्या वर्गांत एका मुलानें विचारिलें, "फादर, हेरोद राजा इ. स. पूर्वीं ४ मध्यें मेला. क्विरीनियाची नांवनिशी इ. स. ६ मध्यें झाली. मग प्रभूचा जन्म दोहोंच्या वेळीं कसा?" श्रद्धा ठेव, असें सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्यानें पुन्हां कांहीं विचारिलें नाहीं. पुढें तो देवळांत येईनासा झाला. आम्ही सेमिनरींत हा विषय शिकलों होतों. खरें सांगण्याचें आम्हांस भय वाटलें, इतकेंच.

मुलाचें गणित बरोबर होतें. संत मत्तय हेरोदाचा काळ सांगतात; संत लूक आरंभीं हेरोदाचें नांव घेतात व पुढल्याच अध्यायांत सूरियाचा सुभेदार क्विरीनिय याच्या नांवनिशीचें. ही मोजणी, यहुदी इतिहासकार योसेफस याच्या लिहिण्याप्रमाणें, हेरोदपुत्र अर्खेलाव यास काढून रोमनें यहुदिया खालसा केला तेव्हांची. क्विरीनिय पूर्वींही एकदां सुभेदार होता असें म्हणून कित्येक विद्वान तिवोली येथील शिलालेख पुढें करितात. पण त्यावरील नांवाचा भागच तुटला आहे. अशा दगडावर आम्ही श्रद्धा उभारणार नाहीं.

तथापि लूक कांहीं ऐकीव गप्पा लिहिणारे नव्हते. मोजणीसाठीं परगांवच्या लोकांनीं आपापल्या घरीं परतावें, असा मिसर देशाच्या रोमन सुभेदाराचा इ. स. १०४ चा हुकूम पपायरसावर मिळाला आहे. करिंथ येथील ज्या गल्लियोचा ते उल्लेख करितात, त्याचा काळ डेल्फीच्या शिलालेखावरून इ. स. ५१ च्या सुमारास ठरतो.

आमच्याकडील वृद्ध माणसें आजाचा जन्म 'प्लेगच्या सालचा' म्हणत. बाप्तिस्म्याची वही उघडावी तों साल निराळें. म्हणून आजा जन्मलाच नाहीं असें कोण म्हणेल? नांवनिशीमुळें गालीलकर यहूदाचें बंड झालें. प्रेषितांच्या कृत्यांतही तें आलें आहे. लोकांच्या मनांत रुतलेल्या त्या मोजणीशीं लूकांनीं प्रभुजन्माची सांगड घातली असावी, असें आम्हांस वाटतें. बेथलेहेम, मरिया, योसेफ, हेरोदाचा काळ, हें मात्र दोघेही सांगतात, आणि बहुतेक विद्वानांच्या मतें एकमेकांचें न पाहतां.

देवानें आमच्या तारणासाठीं जें सत्य शास्त्रांत घातलें तें शास्त्र निर्दोषपणें शिकवितें, असें व्हाटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेनें १९६५ सालीं सांगितलें. हें प्रत्येक अडचणीवर पांघरूण म्हणून मात्र घालूं नये. पुनरुत्थानाचा प्रश्न सालाचा नव्हे. तें घडलें नसेल तर आजचा हा महोत्सवही व्यर्थ.

हें भाषण पुस्तिकेंत छापणार आहेत असें कळतें. तो मुलगा आतां चाळिशीचा गृहस्थ असेल. त्याच्या घरचें कोणी येथें असेल तर त्यांनीं एक प्रत त्यास पाठवावी, व उत्तरास फार उशीर झाला हें आम्हीं कबूल केलें असें कळवावें.