घरच्या कारखान्यातील जुना प्रेस

बेळगावच्या उद्यमबागेत, बडोद्याच्या मकरपुऱ्यात, इंदूरच्या पोलोग्राउंडात किंवा हैदराबादच्या बालानगरात ज्यांचे उमेदीचे आयुष्य गेले, अशी कारागीर माणसे मराठी घरांतून थोडी नाहीत. कोणी फिटर, कोणी टर्नर, कोणी डाय बनविणारा. नोकरी संपते, परंतु हात स्वस्थ बसत नाहीत. घराच्या मागील पडवीत प्रथम एक टेबल येते, मग शेगडा येतो, मग ड्रिलचे यंत्र येते. आणि थोड्याच दिवसांत मन म्हणू लागते, की पत्र्याला भोके पाडणारा एखादा जुना प्रेस मिळाला, तर चार पैशांचे काम घरीच करता येईल.

हा विचार मुळीच चुकीचा नाही. पातळ पत्र्याला ड्रिलने भोक पाडणे हे जिकिरीचे काम. ड्रिल पलीकडे निघताना पत्रा उचलतो, फिरतो आणि भोक गोल होण्याऐवजी तीन कोनांचे होऊन बसते. पंच मात्र एका दाबात काम संपवितो. खाली पोलादी डाय, तिच्यात तंतोतंत भोक, वर त्या भोकाहून किंचित लहान असा पंच, मध्ये पत्रा. पंच उतरला की पत्र्याचा तुकडा खाली पडतो आणि वर स्वच्छ भोक राहते. टाकसाळीत नाण्यांच्या चकत्या पाडण्याची रीतही हीच. बडोद्यात तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकीर्दीत त्यांच्या मुद्रेची जी नाणी यंत्रावर निघाली, त्यांचे आणि आजच्या लोखंडी वायसरचे नाते या दृष्टीने जवळचे आहे.

नवा प्रेस घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. त्यातच एखादा जुना कारखाना बंद पडतो, त्याचे सामान विक्रीस निघते आणि हिरवा रंग चढविलेला, तेलाने चकाकणारा प्रेस निम्म्याहून कमी किमतीत समोर उभा राहतो. मोह येथेच पडतो. जुन्या वस्तूचा सौदा करताना माणूस किमतीकडे पाहतो, रंगाकडे पाहतो, विकणाऱ्याच्या शब्दाकडेही पाहतो. प्रेसच्या बाबतीत मात्र दोनच गोष्टी आधी पाहावयाच्या असतात. आपल्या कामाला किती जोर लागतो ही पहिली, आणि उतरलेला रॅम वर जाऊन जागच्या जागी थांबतो काय ही दुसरी. पहिलीत चूक झाली तर पैसे जातात. दुसरीत चूक झाली तर बोटे जातात.

पहिल्या गोष्टीचा हिशेब शाळेतील गणिताहून अवघड नाही. भोकाचा परीघ, पत्र्याची जाडी आणि त्या धातूची कातरली जाण्यास विरोध करण्याची शक्ती, या तिघांचा गुणाकार केला की लागणारा जोर निघतो. साध्या पोलादी पत्र्याची ही शक्ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५ किलो धरण्याचा प्रघात आहे. आता उद्यमबागेतून निवृत्त झालेला एक फिटर डोळ्यांपुढे आणावा. १० मिलिमीटर बोल्टला लागणारे वायसर घरी पाडावेत, असे त्याच्या मनात आहे. अशा वायसरचा बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, आतील भोक साडेदहा मिलिमीटर आणि जाडी २ मिलिमीटर असते. बाहेरची चकती पाडावयाची तर परीघ सुमारे ६३ मिलिमीटर. त्याला जाडीच्या २ ने व पुढे ३५ ने गुणले की ४,४०० किलो, म्हणजे साधारण ४.४ टन येतात. आतील भोकाला २.३ टन लागतात. दोन्ही कामे एकाच दाबात उरकणारी डाय वापरावयाची झाल्यास ६.७ टन. पंचाची धार गेली की हा आकडा वाढतो. म्हणून वर काही शिल्लक ठेवावी लागते. याचा अर्थ असा, की या गृहस्थाला दहा टनी प्रेस पुरे आहे, आणि दोन्ही कामे वेगवेगळी केली तर त्याहून लहानही चालेल. परंतु तेच वायसर स्टेनलेस पोलादाचे पाडण्याची मागणी आली, तर जोर जवळजवळ दीडपट होतो आणि दहा टनी प्रेसला दोन्ही कामे एका दाबात झेपेनाशी होतात. घेण्याआधी कागदावर केलेला हा पाच मिनिटांचा हिशेब पुढील पाच वर्षांचा मनस्ताप वाचवितो.

असा हिशेब हाती आला म्हणजे यंत्राची जात ठरविणे सोपे जाते. बाजारात ढोबळपणे तीन जाती मिळतात. पहिली दांड्याच्या हातपंचाची. त्यातील काहींवर निरनिराळ्या मापांचे पंच एका गोल चकतीवर बसविलेले असतात. चकती फिरवून हवे ते माप पुढे आणावयाचे. पत्र्याच्या पेट्या, कंस, पट्ट्या अशा किरकोळ कामाला हे यंत्र उत्तम. दुसरी जात फ्लायप्रेसची. जाड स्क्रू, त्यावर आडवा हात आणि हाताच्या टोकाला जड गोळा. हात झोकून दिला की गोळ्याचा वेग स्क्रूवाटे पंचावर उतरतो. त्याचा जोर ठराविक टनांत सांगता येत नाही. तो झोकावर आणि मालाच्या कठीणपणावर अवलंबून असतो. तिसरी जात विजेवर चालणाऱ्या पॉवर प्रेसची. मोटर मोठे चाक फिरविते, पायाखालचा पट्टा दाबला की क्लच अडकतो आणि क्रँकचा एक फेरा होऊन रॅम खाली येतो व वर जातो. त्याचा लिहिलेला टनांचा आकडा रॅम खालच्या टोकाजवळ असतानाच खरा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता प्रत्यक्ष तपासणी. यंत्र पाहावयास जाताना खिशात पैशांआधी चार वस्तू असाव्यात. ज्यावर काम करावयाचे त्या पत्र्याचे चारदोन तुकडे, वर्तमानपत्राचा एक कागद, थोडे रॉकेल आणि खडू.

प्रेसचे शरीर बहुधा इंग्रजी सी अक्षरासारखे, पुढून उघडे असते. प्रत्येक दाबाबरोबर हा सी किंचित उघडू पाहतो आणि सगळा ताण त्याच्या आतील कोपऱ्यात गोळा होतो. वर्षानुवर्षे ताकदीबाहेर काम घेतलेला प्रेस तेथेच तडकतो, आणि नवा रंग बहुधा तेथेच अधिक जाड असतो. तो कोपरा खरवडून स्वच्छ करावा, रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरडा पुसून खडू चोळावा. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली काळसर रेघ उमटते. ओतीव लोखंडाच्या शरीरावर जोडाची किंवा पट्ट्या ठोकल्याची खूण दिसली, तर किंमत कितीही उतरली तरी सौदा सोडून द्यावा.

नंतर वीज बंद ठेवून चाक हाताने फिरवावे. रॅम वरपासून खालपर्यंत सारख्याच जडपणाने उतरला पाहिजे. मध्येच सैल, मध्येच घट्ट लागला तर तो ज्या पट्ट्यांत सरकतो त्या झिजल्या आहेत. रॅमला हाताने पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलवून पाहिले की झीज कळते. काही झीज पट्ट्यांचे स्क्रू आवळून जाते. सगळी जात नाही. मग पंच आणि डाय यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद धरून चाक हातानेच सावकाश फिरवावे. कागद चहूकडून सारखा कापला अथवा दुमडला गेला, तर पंच डायच्या मधोमध उतरत आहे. एका बाजूस कापला आणि दुसऱ्या बाजूस नुसता दबला, तर जुळणी चुकली आहे.

शेवटी आपल्या पत्र्यावर विकणाऱ्याकडूनच दहाबारा भोके पाडून घ्यावीत आणि ती वाचावीत. भोकाच्या आतील भिंतीवर वरच्या बाजूला चकचकीत पट्टा दिसतो व त्याखाली खरखरीत भाग दिसतो. पंच आधी कापतो, मग पत्रा तुटतो, म्हणून असे होते. हा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. पत्र्याच्या खालच्या बाजूस भोकाच्या कडेला जी बारीक धार उभी राहते, तिला कारागीर बर म्हणतात. ती सगळीकडेच मोठी असेल तर धार बोथट झाली आहे किंवा पंच व डाय यांतील मोकळीक वाढली आहे. साध्या पोलादाला ही मोकळीक प्रत्येक बाजूस जाडीच्या शेकडा ५ ते १० असावी, म्हणजे २ मिलिमीटर पत्र्याला एक ते दोन दशांश मिलिमीटर. बोथट धार घासून परत आणता येते. बर एकाच बाजूस मोठी असेल तर दोष जुळणीचा किंवा झिजलेल्या रॅमचा आहे, आणि तो घासून जाणारा नाही.

येथवरचा भाग पैशांचा झाला. आता बोटांचा.

जुन्या पॉवर प्रेसपैकी पुष्कळांचा क्लच चावीचा असतो. पाय दाबला की चावी फिरत्या चाकात अडकते. आणि एकदा अडकली की क्रँकचा पूर्ण फेरा झाल्यावाचून सुटत नाही. मध्येच पाय काढला तरी रॅम खाली यावयाचा तो येतोच. वीज बंद केली तरी येतो, कारण जोर मोटरचा नसून चाकात साठलेल्या गतीचा असतो. चावीची स्प्रिंग थकली अथवा ब्रेकचा पट्टा सैल पडला, तर रॅम वर जाऊन थांबण्याऐवजी न दाबताच दुसऱ्यांदा खाली उतरतो. पहिल्या दाबानंतर कारागिराचा हात तुकडा उचलावयास आत गेलेला असतो, आणि नेमका तोच क्षण हा असतो. प्रेसवर बोटे गमावलेल्या माणसांच्या हकिगती ऐकल्या, तर त्यांत हा न मागितलेला दुसरा दाब वारंवार भेटतो.

म्हणून पंच आणि डाय काढून, कोणाचाही हात जवळ नसताना, पाय दाबून लगेच सोडावा व रॅम कोठे थांबतो ते पाहावे. हे पन्नास वेळा करावे. पन्नासही वेळा तो वर, त्याच एका जागी थांबला पाहिजे. एकदा जरी पुढे घसरला, तरी क्लच व ब्रेक उघडून दुरुस्त केल्याशिवाय ते यंत्र चालवू नये, आणि त्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. विकणारा पन्नास वेळा चालवून दाखविण्यास कंटाळत असेल, तर त्याच्या कंटाळ्यातही काही उत्तर दडलेले असते.

जाळी नसलेला प्रेस तर घरी आणूच नये. निदान जाळी बसविल्याशिवाय त्याची तार जोडू नये. पंचाभोवती पक्की लोखंडी जाळी, तिच्यात पत्रा सरकेल एवढीच फट, आणि ती फट ६ मिलिमीटरहून अधिक नाही. पत्रा आत जातो, बोट जात नाही. सुटे तुकडे आत ठेवावयाचे झाल्यास जाळीतून सरकविण्याची युक्ती करावी, काढण्यास चिमटा वापरावा.

१९४८च्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले. परंतु वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले तरच ती जागा त्या कायद्याने कारखाना ठरत असे. पडवीतील खोली त्याच्या कक्षेत कधीच आली नाही. तेथे मालक तोच, निरीक्षकही तोच. आणि कामगार? निवृत्त फिटर पहिले काही दिवस स्वतः बसतो. पुढे मागणी वाढते, डोळे थकतात आणि त्या स्टुलावर सून बसते, शाळेतून आलेला नातू हौसेने पाय दाबून पाहतो. फिटरच्या हाताला तीस वर्षांची सावधगिरी असते. ती स्टुलाबरोबर दुसऱ्याला मिळत नाही.

या कारणाने घरच्या कामास पुष्कळदा फ्लायप्रेसच बरा ठरतो. तो हाताने झोकल्याखेरीज काम करीत नाही, आणि झोकणारा हात त्या वेळी दांड्यावरच असतो. तोही निर्धोक नव्हे. दुसरा हात पंचाखाली राहू शकतो, गोळा शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्याला लागू शकतो. त्यालाही जाळी हवी, गोळ्याच्या वाटेभोवती कठडा हवा. परंतु त्याला क्लच नाही, तीनफेज मोटर नाही, शेजाऱ्याची भिंत दिवसभर हादरविण्याची शक्तीही नाही. वायसर दिवसाला कमी निघतील, एवढाच काय तो तोटा.

सौदा ठरविताना म्हणून एक छोटी बेरीज करावी. यंत्राची किंमत, वाहतूक व पाया, हव्या त्या मापाच्या डाय, घरच्या एकफेज विजेला मोटर जुळविण्याचा खर्च, क्लच व ब्रेक यांची दुरुस्ती आणि जाळी. पुष्कळ वेळा या बेरजेत यंत्राची किंमत हीच सर्वांत लहान रक्कम निघते. डायची पेटी बरोबर मिळत असेल तर थोडा महाग प्रेसही स्वस्त पडतो. आणि जाळीचा आकडा टाळून स्वस्त झालेला प्रेस कोणत्याही किमतीला महागच.

बेरीज मनास पटली, तर उद्यमबागेतील त्या फिटरने पैसे मोजावेत आणि प्रेस टेम्पोत चढवावा. पडवीत तो बसला, की पहिला वायसर पाडण्यापूर्वी सुनेला बोलवावे, जाळीच्या फटीतून बोट घालून पाहावयास सांगावे आणि ते जात नाही याची तिचीही खात्री पटू द्यावी. मगच मोटरची तार जोडावी.