मागच्या खोलीपर्यंत
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवांनी मला विषय दिला, 'घरभर इंटरनेट'. मी स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये उभी नोकरी काढली. ती बँकसुद्धा १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. मी वायफायचा जाणकार नाही. पण चुका करून शिकलोय, म्हणून उभा आहे.

आपण अंबाजोगाईत इथं राहायला आलो तेव्हा प्रश्न पाण्याचा होता. टाकी भरलेली, पण वरच्या मजल्यावर नळाला धार नाही. इंटरनेटचंही तसंच. आमचा राऊटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी. मधे नऊ इंची भिंती, वर स्लॅब. मागच्या खोलीत मोबाइलवर नुसतं चाक फिरायचं.

वायफायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकते. २.४ ची हळू, पण लांब जाते. मात्र शेजाऱ्यांचे राऊटर, मायक्रोवेव्ह, सगळ्यांची तिथंच गर्दी. फ्रीज, लोखंडी कपाट, मोठा आरसा हेही आडवे येतात.

मी आधी स्वस्तातला एक्स्टेंडर आणला आणि थेट मागच्या खोलीत लावला. तिथं मुळात सिग्नलच नव्हता, तर तो पुढे काय देणार? कोरड्या विहिरीवर मोटर बसवली म्हणा ना! शिवाय त्याचं नाव वेगळं. हॉलमधून आत गेलं की फोन जुन्याच नावाला चिकटून राहायचा.

मग मेश घेतलं. त्यात दोन-तीन डबे असतात, त्यांना नोड म्हणतात. मी शाखा म्हणतो. एक मुख्य शाखा मोडेमला वायरने जोडायची, बाकीच्या घरात पसरायच्या. सगळ्यांचं नाव एक, पासवर्ड एक. आपण चालत गेलो की खातं आपोआप जवळच्या शाखेत! दुसरी शाखा अंधाऱ्या कोपऱ्यात नाही, तर अर्ध्या वाटेत, जिथं सिग्नल अजून चांगला आहे तिथं ठेवायची. आम्ही ती जिन्याच्या वळणावर ठेवली. लँडलाइनच्या जुन्या पाइपातून लॅन केबल ओढून दोन्ही शाखा जोडल्या, तेव्हा वेग खरा टिकला. मोडेमचं स्वतःचं वायफाय बंद केलं. एका घरात दोन कारभारी नकोत. आणि लाइट गेली की सगळंच बसतं, म्हणून मोडेम आणि दोन्ही शाखा इन्व्हर्टरवर घेतल्या.

एक लक्षात ठेवा. मेशने प्लॅनचा वेग वाढत नाही. टाकीतच पाणी कमी असेल तर नळ वाढवून काय उपयोग? आणि दोन खोल्यांच्या घराला मेश लागतही नाही. आधी राऊटर कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवून बघा. तेवढ्यात भागलं तर पैसे वाचले.

आता खरं सांगतो. मी हा खटाटोप माझ्या क्रिकेटसाठी केला होता. आमच्या सौ. लेकीशी व्हिडिओ कॉल हॉलमध्ये बसून करायच्या, कारण रेंज तिथंच. समोर मी, पेपर घेऊन. बोलणं म्हणजे जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच. मेश लागलं त्याच आठवड्यात एका रात्री सौ. मागच्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि दीड तास बोलल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. म्हणाल्या, "अहो, लेक चार महिन्यांपासून अडचणीत आहे. तुमच्यासमोर कशी बोलणार होती ती?"

बँकेत मी लोकांना स्वतंत्र केबिनमध्ये बसवून कर्जाच्या अडचणी ऐकायचो. घरात मात्र बायकोला बोलायला कोपरा ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लेकीकडे पुण्याला गेलो. आता ती सावरली आहे.

म्हणून ज्येष्ठांना सांगतो, फोन घेऊन आपल्या घरात एक फेरी मारा. रेंज कुठं तुटते आणि त्या खोलीत कोण बसतं, ते बघा. मदत लागली तर हाक मारा. मी येईन. चहा मात्र बिनसाखरेचा.