सुईचा धोका आणि संमतीची भाषा



‘गर्भजल परीक्षा’ हा शब्द मराठी घरांत रुळला तो बदनामी घेऊनच. गर्भातील दोष ओळखण्यासाठी निघालेली ही परीक्षा मुलगी नाकारण्यासाठी वापरली जाऊ लागली. म्हणून १९८८ साली महाराष्ट्राला आणि १९९४ साली केंद्राला कायदा करावा लागला. मात्र या गदारोळात परीक्षेचे मूळ प्रयोजन आणि तिचा शारीरिक धोका हे दोन्ही विषय मागे पडले.

पंधराव्या आठवड्यानंतर सोनोग्राफीच्या आधाराने मातेच्या पोटातून बारीक सुई घालून गर्भजल काढतात. किंवा त्याआधी, अकराव्या आठवड्यापासून, वारेचा सूक्ष्म अंश घेतात. क्वचित पाणी झिरपते, रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो. प्रसंगी गर्भपातही होतो. हा गर्भपाताचा धोका पूर्वी शंभरात एक मानीत. अनुभवी हातांत तो आता दोनशेत एकाहूनही कमी मानला जातो. पण तो शून्य नाही.

तरीही हा आकडा एकटा पाहून निर्णय होत नाही. पती आणि पत्नी दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. तेथे सुईचा धोका पत्करणे समंजसपणाचे ठरू शकते. जेथे दोषाची शक्यताच हजारात एक, तेथे तीच सुई अनाठायी ठरेल. मातेच्या रक्तावरून डाउन सिंड्रोमची शक्यता आता वर्तविता येते. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे.

मग हा तराजू धरायचा कोणी? सासूने नव्हे, पतीने नव्हे, एकट्या डॉक्टरांनीही नव्हे. १९९४ च्या कायद्याचे पाचवे कलम सांगते की, सर्व ज्ञात दुष्परिणाम गर्भवतीला समजावून द्यावेत, तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी आणि त्या संमतीची प्रत तिला द्यावी.

‘तिला कळणाऱ्या भाषेत’ हे शब्द महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावेत. मराठी मुलखातून नुकतीच आलेली सून कन्नड, तेलुगू वा गुजराती कागदावर नुसती सही करीत असेल, तर ती संमती नव्हे. शंभर वर्षे वाचायला शिकविणाऱ्या वाचनालयाने तिला एवढे अवश्य सांगावे : आधी वाच, विचार, मग सही कर.